बासष्टावा खडा

मी एक जुनी पत्र्याची कोठी आहे. मित्रांनो, तुमच्यातल्या कुणी घरात कोठी पाहिली नसेल तर आधी माझं रूप सांगते. माणसाच्या छातीइतकी उंची, गोल अंग, वर परातीएवढं झाकण आणि खाली दाणे काढायला एक सरकती पट्टी. वर्षभराची ज्वारी पोटात घेऊन कोपऱ्यात उभी राहायचं, एवढंच माझं काम. बाकीच्या वस्तू आपली कहाणी ताठ मानेनं सांगतात म्हणे. मला मान नाही, झाकण आहे, आणि हे सगळं सांगताना तेही खाली पाडून घ्यावंसं वाटतं.

माझा जन्म भालकीच्या बाजारातला. खाजामियाँ नावाचे कारागीर पत्र्याचं काम करायचे. त्यांनी मला ठोकून गोल केलं, सांधे वळवले आणि शेवटी पोटात पाणी भरून थेंब गळतो का ते तासभर बघितलं. थेंबही गळला नाही. खटकचिंचोळीचे बळीराम आणि त्यांची बायको इंदिराबाई मला न्यायला आले, तेव्हा खाजामियाँ म्हणाले, "ले जाव. इसमें चिंटी भी घुसी तो मेरेकू आके बोलो." ते बोलणं मी फार मनावर घेतलं. माझ्या गर्वाची सुरुवात तिथंच झाली.

गावी मी बसनं आले. टपावर जागा नव्हती, म्हणून कंडक्टरनं मला मागच्या सीटवर बसवलं. बळीरामांचा नऊ वर्षांचा राजपाल वाटभर माझ्या झाकणावर बसून होता आणि टाचांनी माझं पोट वाजवत होता. इंदिराबाई एका हातानं त्याला आणि एका हातानं मला धरून होती. तिच्या अंगावर त्या दिवशी वांगी रंगाचं नवं लुगडं होतं.

पुढची कितीतरी वर्षं माझी सुखाची गेली. इंदिराबाईची धान्य ठेवायची रीत ठरलेली होती. ज्वारीला तीन दिवस कडक ऊन दाखवायचं, मग मला आतून पुसून भरायचं, थराथरात कडुलिंबाचा पाला घालायचा आणि झाकणाची कड शेणमातीनं लिंपून टाकायची. अशी ठेवलेली ज्वारी तीन तीन वर्षं किडत नसे. शेजारच्या बायका बी मागायला आल्या की म्हणायच्या, "इंदिराबाईची कोठी लई गुणाची." मी ऐकायचे आणि कोपऱ्यात आणखी थोडी फुगायचे.

राजपाल मोठा झाला तो हातात रंगाचा ब्रश घेऊनच. लहानपणी त्यानं कोळशानं माझ्या पोटावर बैल काढले, मोठेपणी भालकीच्या दुकानांच्या पाट्या रंगवल्या. मग उदगीरच्या एका मुलांच्या मासिकात त्याची चित्रकथा येऊ लागली. तिचं नाव 'चांगुणाबाई कंडक्टर'. खाकी शर्ट घातलेली, खांद्याला तिकिटांची पिशवी, कुणाला न भिणारी चांगुणाबाई. तिच्या बसमध्ये शेळी चढायची, नवरदेव चढायचा, एकदा तर निवडणुकीची मतपेटीसुद्धा विसरून राहिली. राजपाल काळ्या शाईनं रेघा काढायचा आणि फोटोकलरच्या इवल्या बाटल्यांतून रंग भरायचा. मासिक नुसत्या काळ्या रंगात छापलं जायचं. संपादक म्हणायचे, पुढच्या वर्षी रंगीत काढू, तुम्ही रंगवून ठेवा. म्हणून त्यानं सगळी पानं रंगवली. पुढच्या वर्षी मासिकच बंद पडलं आणि बासष्ट पानं जुन्या कॅलेंडरात गुंडाळून घरी परत आली. राजपालचे ते रंग इंदिराबाईशिवाय कुणीही धड पाहिले नव्हते.

त्याच सुमाराला गावोगाव फ्लेक्स आले. हातानं रंगवलेली पाटी कुणाला नकोशी झाली. राजपाल भालकीत एका फ्लेक्सच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसू लागला, पुढाऱ्यांच्या वाढदिवसांचे फोटो जोडू लागला. ते बासष्ट पानांचं बाड त्यानं फळीवर फेकलं. एका उंदरानं त्याचा कोपरा कुरतडला. इंदिराबाईनं ते पाहिलं आणि विचारलं, "राजपाल, ही चित्रं कुठं ठिवू?"

"कुठं बी टाक, माय," तो म्हणाला. "कोन बघायलंय त्येला?"

बळीराम तेव्हा हयात नव्हते. शेत रोख खंडानं दिलं होतं, ज्वारी लागेल तशी बाजारातून यायची आणि मी रिकामी उभी होते. इंदिराबाईला शाळा माहीत नव्हती. पण जपून ठेवणं माहीत होतं, आणि घरात उंदीर-किडीपासून सुरक्षित अशी एकच जागा होती. तिनं मला धुतलं, कोरडं केलं आणि माझ्या झाकणावर थाप मारून म्हणाली, "माज्या लेकराचं हाय. संभाळ."

मित्रांनो, त्या वेळी मी हुरळून गेले. मला वाटलं, कागद काय नि ज्वारी काय, मी सांभाळलं म्हणजे सांभाळलं. कागदाला काय सोसतं, काय सोसत नाही, हे मला काडीचंही ठाऊक नव्हतं.

इंदिराबाईनं सगळं रीतीप्रमाणे केलं. आधी पानांना ऊन दाखवलं. ओढ्यातून तिनं बासष्ट गुळगुळीत खडे वेचून आणले होते. एका पानावर एक खडा, म्हणजे पान उडत नाही आणि मोजणीही होते. मग कडुलिंबाचा पाला आणला. ज्वारीला वाळलेला पाला चालायचा, पण ही लेकराची चित्रं, म्हणून तिनं ओला, कोवळा पाला निवडून पानांच्या मध्ये घातला. बाड माझ्या तळाशी पोत्यावर उभं केलं, तेव्हा ती पानं माझ्या भिंतीला धरून वाकून उभी राहिली. मग झाकण लावून कड लिंपली. वारा जायला जागा उरली नाही.

आता माझ्या पापाचं सांगते. पावसाळ्यात पत्र्याला आतून घाम येतो. ज्वारी असताना तो दाण्यांच्या आड कुठं जिरायचा, मला कधी कळलंही नाही. कागदानं तो सगळा पिऊन घेतला. त्यात ओल्या पाल्याचा रस उतरला. पानं फुगली, त्यांवर बुरशीचे ठिपके आले आणि भिंतीलगतचं शेवटचं पान, रंगाची बाजू माझ्याकडे करून, माझ्या अंगाला चिकटून बसलं.

दुसऱ्या वर्षी बुद्धपौर्णिमेच्या आधी घराला चुना द्यायला काढला, तेव्हा इंदिराबाईनं मला उघडलं. बाड वर काढलं. भिंतीचं पान भिंतीलाच राहिलं. त्याची पाठ एव्हाना माझ्यासारखीच तपकिरी झाली होती, आत अंधार, आणि इंदिराबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागलेला. तिला दिसलं नाही. गच्चीवर तिनं एकेक पान मांडलं, एकेक खडा ठेवला, आणि हातात एक खडा उरला.

ती दोनदा मोजून आली. खाली येऊन फळी धुंडाळली, पेटी उपसली. माझ्यातही हात घातला. तिची बोटं त्या पानावरून फिरली, मित्रांनो, आणि तिला वाटलं पत्राच आहे. मला ओरडून सांगावंसं वाटलं की बाई, इथं आहे, माझ्याजवळ आहे. कोठीला ओरडता येत नाही.

राजपालला विचारायची सोय नव्हती. चित्रांचं नाव काढलं की तो भरल्या ताटावरून उठायचा. म्हणून इंदिराबाईनं तो खडा कमरेच्या चंचीत टाकला आणि गप्प बसली. पुढं दरवर्षी असंच होत राहिलं. चुना देण्याआधी ऊन, मग ओला पाला, मग लिंपण, आणि शेवटी एक खडा उरायचा. ती दिवसभर गच्चीच्या पायरीवर बसून पानं राखायची. वाचता येत नसलं तरी चांगुणाबाईची गोष्ट चित्रांवरून तिला पाठ झाली होती. पानं दरवर्षी फिकट दिसायची. तिला वाटायचं, आपले डोळेच गेले. अशी अकरा वर्षं गेली.

यंदाच्या उन्हाळ्यात कलबुर्गीहून एक फोन आला. संध्या नावाच्या एक बाई तिथं चित्रकला शिकवतात. रद्दीच्या दुकानात त्यांना त्या मासिकाचे जुने अंक सापडले होते. चांगुणाबाईचं पुस्तक काढायची त्यांची इच्छा होती, तेही रंगीत. मूळ पानं आहेत का, असं त्यांनी विचारलं. राजपाल फोन कानाला लावून अंगणात येरझारा घालत होता. इतक्या वर्षांत मी त्याचा असा आवाज ऐकला नव्हता. "हायत की म्याडम! बासष्टच्या बासष्ट हायत. माज्या मायनं जपून ठिवल्यात."

चुलीपाशी भाकरी थापणाऱ्या इंदिराबाईचे हात थांबले. तव्यावरची भाकरी करपली. राजपालची बायको रूपाली म्हणाली, "आत्याबाई, लक्ष कुठाय तुमचं?" इंदिराबाईनं करपलेली भाकरी उतरवून बाजूला ठेवली.

राजपालनं मात्र गावभर सांगितलं. फ्लेक्सच्या दुकानात पेढे वाटले. रविवारी संध्याबाई आल्या, चहा झाला, आणि राजपालनं स्वतः माझं लिंपण खरवडून झाकण उघडलं. आतून जो कुबट वास बाहेर आला तो माझा होता. मी तो कुठं लपवणार?

पानं चटईवर मांडली गेली. काळ्या रेघा जशाच्या तशा होत्या. रंग मात्र नव्हता. चांगुणाबाईचा खाकी शर्ट पांढरा, बस पांढरी, नवरदेवाचा फेटा पांढरा. वर कडुलिंबाच्या पानांचे तपकिरी डाग, अगदी शिरांसकट, आणि जागोजाग बुरशी. राजपाल एकेक पान उलटत होता. चौथ्या-पाचव्या पानानंतर त्याचे हात भराभर चालू लागले, जणू पुढं कुठंतरी रंग सापडेल. एकसष्ट पानं संपली.

"माय, हे काय केलीस?" तो ओरडला. "उन्हात घातलीस? पाला घातलीस? ज्वारी हाय का ही?"

इंदिराबाई भिंतीला टेकून उभी होती. "रंग गेल्यात?" तिनं हळू विचारलं. "म्या म्हनलं, माजे डोळेच गेले."

"आन् एक पान कमी हाय. कोठीचं पान. तुजंच चित्र हुतं की त्येच्यावर! ते बी घालवलीस?"

तिनं चंची सोडली आणि तो खडा काढून चटईवर ठेवला. "अकरा वर्सं झाली," ती म्हणाली. "दरसाल ह्यो एक उरायलाय. म्याच हरवलेय कुठंतरी."

"मंग बोललीस कामून न्हाई?"

"चित्राचं नाव काढलं की तू उपाशी उठतूस, बाबा."

राजपाल खाली बसला. परक्या बाईसमोर आईवर आवाज चढवला, हे आत्ता कुठं त्याच्या ध्यानात आलं असावं. त्यानं मान खाली घातली ती वर केली नाही. रूपाली चहाच्या कपबशा उगाच इकडून तिकडं करत राहिली. आणि मी कोपऱ्यात उभी होते. त्या घरात तेव्हा तिघं लाजेनं गप्प होती, मित्रांनो: लेक, आई आणि मी. त्या तिघांत अपराध सर्वांत जास्त माझा होता. माझ्याकडे मात्र कुणी बघतही नव्हतं.

संध्याबाईंनी कुणालाच दोष दिला नाही. त्या म्हणाल्या, "अण्णा, ऊन दाखवणं, पाला घालणं, ही मावशींची धान्याची रीत आहे. कागदाची रीत त्यांना कुणी सांगितलीच नाही. आणि तुम्ही तरी किती वेळा उघडून बघितलंत?" मग उठून माझ्यापाशी आल्या. "कुठं ठेवली होती ते बघू द्या." त्यांनी मोबाइलचा दिवा माझ्या पोटात धरला. उजेड तळाशी गेला, भिंतीवरून फिरला आणि एका जागी थांबला.

"अण्णा," त्या म्हणाल्या, "हे काय आहे?"

मला आडवं केलं गेलं. संध्याबाईंनी पान ओढू दिलं नाही. पिशवीतून एक पातळ लवचिक पट्टी काढून दिली आणि कडेकडेनं, तसूतसूनं सोडवायला सांगितलं. राजपाल खांद्यापर्यंत माझ्या आत शिरला. लहानपणी लपाछपीत शिरायचा तसाच. तासभर तो पट्टी चालवत होता. मधेच पट्टी थांबली. माझ्या पोटात तोंड घालून तो रडला. हुंदका बाहेर जाऊ नये म्हणून त्यानं दातांत बाही धरली होती. "माय," असं एकदाच म्हणाला, तेही फक्त मला ऐकू आलं. बाहेर आल्यावर तोंड पुसत म्हणाला, "लई घाम यायलाय आत." घाम म्हणजे काय ते मला माहीत होतं; हा घाम नव्हता.

पान सुटलं, पण पुरतं नाही. अर्धा रंग माझ्या अंगावरच राहिला. तरी जे पान बाहेर आलं त्यावर रंग होता! त्या पानाला अकरा वर्षांत ऊनच लागलं नव्हतं. चटईवर ठेवल्यावर सगळे वाकले. मीही आडवी पडल्या पडल्या पाहिलं. एक बाई कोठी घेऊन बसमध्ये चढते आहे. ड्रायव्हर हात नाचवून नाही म्हणतो आहे. आणि चांगुणाबाई फाडकन तिकीट फाडते आहे. कोठीचं पुरं तिकीट, खिडकीजवळची सीट! बाईच्या अंगावर वांगी लुगडं होतं. कोठी चांदीसारखी लखलखत होती, झाकणावर एक पोरगा पाय हलवत बसला होता.

ती कोठी मी होते. राजपालनं मला इतकं देखणं काढलं होतं हे मला ठाऊकच नव्हतं. आणि नेमकं तेच पान मी इतकी वर्षं अंगाखाली दाबून ठेवलं होतं. माझ्या गंजक्या अंगाकडे आणि त्या चित्राकडे आळीपाळीनं कुणी पाहिलं नाही, ही त्यांची कृपा.

"बाकीच्या पानांचे रंग काय होते, अण्णा?" संध्याबाईंनी विचारलं. राजपालनं एक पान उचललं, बराच वेळ पाहिलं. "आठवत न्हाई," तो म्हणाला. त्यानं ती चित्रं काढली होती, पण नंतर त्यांच्याकडे पाठ फिरवली होती.

"नवरदेवाचा फेटा शेंदरी," इंदिराबाई भिंतीजवळून म्हणाली. सगळ्यांनी वळून पाहिलं. "आन् शेळी तांबडी, एक कान काळा. त्या फुडच्या पानात बस हिरवी हाय, खाली पिवळा पट्टा. माज्या लुगड्यावानी लुगडं आनिक एका बाईला दिल्यालास तू, त्या मतपेटीच्या गोष्टीत. त्येचे काठ लाल." ती एकेक पान ओळखून सांगत गेली आणि राजपाल तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं उठून तिला हाताला धरून चटईवर आणून बसवलं, आणि स्वतः पेन्सिल घेऊन तिच्या शेजारी बसला.

मूळ पानांना हात लावायचा नाही, झेरॉक्सवर नवे रंग भरायचे, असं संध्याबाईंनी बजावलं. रूपाली उत्साहानं म्हणाली, "म्याडम, समद्या पानांचं लॅमिनेशन करून आनू का? भालकीत लगेच करून देत्यात." संध्याबाईंनी दोन्ही हात जोडले. "ताई, तेवढं नको! मग पान कायमचं गुदमरतं."

जाताना त्यांनी जे सांगितलं ते मी कान देऊन ऐकलं, आणि तेच तुम्हाला सांगते. तुमच्या घरी कुणी हातानं काढलेली चित्रं असतील, चौकट नसलेली, नुसती सुटी पानं, तर ती आडवी ठेवा. दोन पानांत आम्ल नसलेला पांढरा कागद घाला आणि पुठ्ठ्याच्या सपाट पेटीत, आतल्या खोलीत, जमिनीपासून उंच, बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवा. ऊन नको, पाला नको, चिकटपट्टी नको. दर दोन महिन्यांनी कोरड्या, स्वच्छ हातांनी उघडून बघा. आणि ज्यानं चित्र काढलं त्याला अधूनमधून विचारा. ज्यानं ते जपलं त्यालाही विचारा. मला तोंड असून बोलता आलं नाही. तुम्हाला तर बोलता येतं.

पुस्तक होईल. संध्याबाई म्हणाल्या, आतल्या एका पानावर असं छापू: 'रंग सांगणारी, इंदिराबाई'. त्या एकसष्ट पानांचे जुने रंग मात्र परत येणार नाहीत. ते उन्हात गेले, आणि पानांवरचे डाग माझ्या घामानं पडले.

पानं आता आतल्या खोलीत कपाटावर आहेत. कागदावर खडा ठेवायचा नाही, असंही बजावलेलं आहे. म्हणून एकसष्ट खडे रूपालीनं कुंडीत टाकले. बासष्टावा इंदिराबाईनं दिला नाही. ती माझ्यापाशी आली. मला पुन्हा कोपऱ्यात उभं केलं होतं. तिनं आत डोकावून भिंतीवर उरलेला तो वांगी रंगाचा डाग बघितला, बोटानं चाचपला. मग चंचीतून खडा काढून माझ्या पोटात सोडला. टणकन वाजलं.

"ह्यो तुजा," ती म्हणाली. "म्या लई दिस संभाळला."

मग ती गेली. झाकण तिनं तसंच उघडं ठेवलं.